पहिला फोन

काल रात्री साडेअकराला अर्ज पाठवला. इथे न्यू जर्सीत स्थलांतरितांच्या केसेस फुकट किंवा अगदी थोड्या फीमध्ये लढवणारी एक संस्था आहे. तिथे इनटेकची, म्हणजे मदत मागणाऱ्याचा पहिला फोन घेऊन माहिती टिपायची, जागा निघाली होती. संस्थेचं नाव आत्ता लिहीत नाही. घरात आणि मैत्रिणींमध्ये बातमी गेल्यापासून एकच प्रश्न येतोय, "अगं, तू एलएलबी ना? मग फोन उचलायची नोकरी कशाला?" प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

2005 ते 2007 मी नाशिकला, सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात ज्युनियर वकील होते. आमच्या सरांकडे एक कारकून होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून पहाटेच्या एसटीने पक्षकार यायचे. काकांचे प्रश्न ठरलेले असायचे आणि त्यांचा क्रमही ठरलेला असायचा. गाव कोणतं? काही खाल्लंय का? कागद आणलेत का? मग ते पक्षकाराची प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करायचे आणि एकेक कागद तारखेप्रमाणे लावायचे. त्यात लाइटबिल असायचं, लग्नपत्रिका असायची आणि कुठेतरी मध्येच कोर्टाचं समन्स. कागद लावता लावता माणूस आपोआप बोलायला लागायचा. सरांसमोर जे कधीच निघालं नसतं ते काकांसमोर निघायचं. सरांच्या टेबलावर फाइल जायची तेव्हा निम्मी केस उभी राहिलेली असायची. तेव्हा मला वाटायचं, काका मदतनीस आहेत, खरं काम सर करतात. आज मला तसं वाटत नाही.

इनटेक म्हणजे काकांचं काम. घाबरलेला माणूस पहिल्यांदा संस्थेला फोन करतो तेव्हा पलीकडे इनटेकवाली असते.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवण्याचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही. फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकार वकील देतं. हद्दपारीच्या खटल्यात तसं नाही, समोर लहान मूल असलं तरी नाही. सरकारच्या बाजूने मात्र वकील असतो. आपल्याकडे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मागता येतो. तो कायदा शिकून आलेल्या मला इथली ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरी वाटली नव्हती. देशभरातल्या इमिग्रेशन कोर्टांत 2023 च्या अखेरीस 30 लाखांहून जास्त केसेस पडून होत्या. या ढिगाला अशा संस्थांतले मोजके वकील पुरणार कसे? म्हणून कोणाची फाइल वकिलापर्यंत जाणार, याची सुरुवात त्या पहिल्या फोनवर होते.

गेली तीन वर्षं मी महिन्यातून दोन शनिवार अशाच एका ठिकाणी हिंदीची दुभाषी म्हणून बसते. तिथे जे पाहिलं ते सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

एका माणसाला विचारलं, अमेरिकेत कधी आलात? त्याने कागदावरची तारीख वाचली, शून्य चार, शून्य नऊ. आपण तिला 4 सप्टेंबर म्हणतो. इथल्या सरकारी कागदावर तिचा अर्थ 9 एप्रिल होतो. आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. अपवाद आहेत, पण ते सिद्ध करताना दमछाक होते. त्या माणसाच्या हातात पाच महिने आहेत की पाच दिवस, हे त्या दोन आकड्यांवर होतं. मी त्याला विचारलं, "आलात तेव्हा थंडी होती का? दिवाळी झाली होती का?" तो म्हणाला, "नाही, होळी होऊन महिना झाला होता." म्हणजे एप्रिलच. त्याच दुपारी त्याचा कागद वकिलाच्या टेबलावर गेला.

नावांचं तर विचारूच नका. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असली की अमेरिकन व्हिसावर स्वतःचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आपल्या बायकांचं आणखी वेगळं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काही घरांत तर पहिलंही बदललं. एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं असू शकतात, हे इथे जन्मलेल्या मुलीच्या लक्षात येणार नाही. माझ्या येतं. 'ए नंबर' म्हणून इमिग्रेशनच्या फाइलचा जो आकडा असतो त्यातला एक अंक चुकला तरी कोर्टाच्या यंत्रणेत केस सापडत नाही. माणूस समजतो, केस नाहीच, आणि तारखेला जात नाही. न्यायाधीश त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम काढू शकतो.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट मला वाटली होती त्याच्या उलट निघाली. मला वाटायचं, लोकांना बोलतं करणं अवघड. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यांना थांबवावं लागतं. नवऱ्याने मारलंय म्हणून एखादी बाई फोन करते आणि पहिल्याच वाक्याला रडायला लागते. पण तिची हकीकत ऐकण्याआधी तिचं आणि नवऱ्याचं नाव विचारून, तोच नवरा आधी याच संस्थेचा पक्षकार होता का, हे तपासावं लागतं. असेल तर संस्था बहुधा तिची केस घेऊ शकत नाही, आणि तिने सांगितलेलं ऐकून बसणं दोघांनाही घातक. रडणाऱ्या बाईला "ताई, एक मिनिट, आधी नावं" असं म्हणायचं, आणि तेही असं की तिने फोन ठेवता कामा नये. हे मला अजून नीट जमत नाही. शिकायचंय.

आणि 'नाही' म्हणणं. बहुतेक फोनचा शेवट नकारातच होतो. केस संस्थेच्या कामात बसत नाही, गाव हद्दीबाहेरचं असतं, किंवा वकिलांकडे जागाच नसते. इनटेकवाली वकील नसते, त्यामुळे सल्लाही देता येत नाही. "दीदी, मला परत पाठवणार नाहीत ना?" या प्रश्नाला तिने हो किंवा नाही म्हटलं तरी चूकच. पण नकार देताना पत्ता बदललात तर कोर्टाला पाच दिवसांत कळवायचं असतं, तारीख चुकवायची नसते, ही सर्वांसाठीची माहिती देता येते. दुसऱ्या दोन संस्थांचे नंबर देता येतात. नोटरीला वकील समजून पैसे देऊ नका, हे सांगता येतं. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो, इथला नोटरी फक्त सही साक्षांकित करतो. त्या एका शब्दाच्या गोंधळावर किती कुटुंबं लुबाडली गेली आहेत.

आता ज्यांनी मला लिहिलं, "आपण रीतसर रांगेत उभं राहून आलो, हे लोक वेगळे," त्यांच्यासाठी. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकेच्या लष्करी विमानात हद्दपार केलेले 104 भारतीय होते. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. आणि रीतसर आलेल्या घरांतही काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. 1985 साली न्यू जर्सीत 'मानवी' आणि 1989 साली न्यूयॉर्कमध्ये 'सखी' या संस्था दक्षिण आशियाई बायकांनीच सुरू केल्या, कारण आपल्या घरांतल्या मारहाणीबद्दल बोलायला जागा नव्हती. एच-4 वरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायको म्हणून व्हिसा मिळालेल्या, बाईला वाटतं, नवऱ्याला सोडलं की देश सोडावा लागेल. छळ झालेल्या एच-4 पत्नीला स्वतःचं वर्क परमिट मागण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यासाठी आय-765व्ही नावाचा वेगळा फॉर्म आहे. ज्या मैत्रिणींना मी हे सांगितलं, त्यातल्या एकीलाही आधी माहीत नव्हतं.

मी स्वतः 2009 ते 2015 एच-4 वर घरी होते. हातात सनद, आणि एक डॉलर कमवायची परवानगी नाही. 2015 च्या मे महिन्यात नियम बदलला, वर्क परमिट आलं, मग एका शाळेच्या ऑफिसात लागले. आताच्या या इनटेकच्या जागेच्या जाहिरातीत लिहिलं होतं, स्वतः स्थलांतराचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य. त्या एका ओळीपाशी मी दोन रात्री अडले. पनामाचं जंगल तुडवून आलेल्या माणसाच्या अनुभवाशेजारी माझं विमानाचं तिकीट कसं ठेवू? शेवटी सरळ लिहिलं की माझा अनुभव तो नाही. सही नवऱ्याची, व्हिसा नवऱ्याचा, आणि आपलं नाव फक्त त्याच्याखाली, एवढं मात्र मला आतून माहीत आहे. भाषांच्या रकान्यातही तसंच. मराठी, हिंदी अस्खलित. गुजराती समजते, बोलताना अडखळते. स्पॅनिश शिकतेय, नाव, नंबर आणि "थांबा, दुभाषी जोडते" इतपत.

वयाबद्दलही मैत्रिणींनी विचारलं. 44 पूर्ण आहेत. पगार तासावर आहे आणि आत्तापेक्षा थोडा कमीच. आमचं घराचं गणित आम्ही दोघांनी बसून मांडलंय, निभेल. इथला कायदा शिकून पुढे मान्यताप्राप्त प्रतिनिधी होता येतं. अशा संस्थेतल्या बिनवकील माणसाला न्यायखात्याची मान्यता मिळाली तर तो लोकांची बाजू मांडू शकतो. ते डोक्यात आहे, पण आधी ही खुर्ची.

आज दुपारी उत्तर आलं, गुरुवारी मुलाखत. अर्धा तास प्रश्न, आणि अर्धा तास खोटा फोन, ज्यात त्यांच्यातलं कोणीतरी पक्षकार होणार. मला सराव हवाय. बुधवारपर्यंत संध्याकाळी आठनंतर कोणी वीस मिनिटं फोन करू शकेल का? हिंदीत किंवा गुजरातीत बोला, मध्येच तोडा, चिडा, तारखा उलटसुलट सांगा. मी वही घेऊन बसलेली असेन. खाली फक्त 'हो' लिहा, नंबर मी इनबॉक्समध्ये पाठवते.