घेर आणि माया

कपाटाच्या तळाशी पूर्ण घेराचा निळा सुती स्कर्ट सापडला, तेव्हा तो मला पूर्वीइतकाच आवडला आणि वाद उरला तो फक्त कमरेपाशी. चेनच्या दोन्ही कडा समोरासमोर उभ्या होत्या आणि मधे सहा सेंटिमीटरांचे अंतर होते. इतकी वर्षे अंधारात पडून असलेल्या कापडाने आपले माप बदलले नसणार, तेव्हा दोष कोणाचा हे उघडच होते. पण दोषी व्यक्तीला कमी करण्यापेक्षा स्कर्ट वाढवणे सोपे, अशा हिशेबाने मी शिलाई मशीनवरचे झाकण काढले. कमर वाढवायची आणि त्याच बैठकीत घोट्यापर्यंतची उंची गुडघ्याच्या जरा खाली आणायची, एवढेच काम होते. एका दुपारचे, असे मी घरात जाहीरही केले.

माझी योजना भूमितीच्या भक्कम पायावर उभी होती. पूर्ण घेराचा स्कर्ट म्हणजे मधोमध भोक पाडलेले वर्तुळ आणि त्या भोकाचा परीघ म्हणजे आपली कमर. त्रिज्या एक सेंटिमीटरने वाढवली की परीघ सव्वासहा सेंटिमीटरांनी वाढतो. शाळेत ज्या ‘पाय’ने मला प्रत्येक चाचणीत तोंडघशी पाडले, तोच आज माझ्या मदतीला धावून आला होता. जुना पट्टा उसवायचा, जुन्या शिवणीच्या खाली एक सेंटिमीटर रुंदीची कडी कापून टाकायची, की ७० सेंटिमीटरची कमर ७६ची होते आणि ७६ हेच माझे सध्याचे खरे माप आहे. पट्टा उसवायला दीड तास लागला, कारण तो ज्याने कोणी शिवला होता त्याने पुढच्या पिढ्यांचा विचार करून शिवला होता. कापायला मात्र दोन मिनिटे पुरली. कापण्यापूर्वी चेनची पकड खाली ओढून ठेवायला हवी, एवढी एक गोष्ट मला वेळेवर सुचली, आणि तिचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे, कारण या लेखात असे पुन्हा घडणार नाही.

मग ७६ सेंटिमीटरचा नवा पट्टा कापून, टाचण्या लावून मी तो शिवायला घेतला. टाचण्यांपर्यंत सगळे गोडीगुलाबीने चालले होते. शिवण पडू लागल्यावर मात्र स्कर्टाचे कापड पट्ट्याखाली जमा होऊ लागले आणि दर दोन बोटांवर एक बारीक घडी सुईखाली येऊन दबली. कापड कुठून येते आहे ते मला कळेना. शेवटी मी मावशीला फोन लावला.

मावशीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “माया किती धरली होतीस गं?”

शिवणीच्या पलीकडे जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला माहीत होते. ती दीड सेंटिमीटर सोडायची, हेही माहीत होते. ती कापताना हिशेबात धरायची असते, एवढेच काय ते राहून गेले होते. मी कमर कापली होती कडेवर आणि शिवण पडत होती कडेच्या दीड सेंटिमीटर खाली. ‘पाय’ने पुन्हा एकदा इमाने इतबारे गुणाकार केला आणि माझी ७६ सेंटिमीटरची कमर शिवणीपाशी ८५च्या पुढे निघून गेली. शिवाय भोकाची कड बऱ्याच ठिकाणी उरेब, म्हणजे विणीला तिरकी, असल्यामुळे माझ्या ओढाताणीत ती आणखी सैलावली असणार.

शहाण्या माणसाने इथे नव्या मापाच्या चुण्या घालून विषय संपवला असता. मी पट्टाच लांब करून घेतला. स्कर्टाला बसेल असा, ८६ सेंटिमीटरचा. तो उत्तम बसला, फक्त मला नाही. मग पाठीमागच्या अर्ध्या पट्ट्यात इलॅस्टिक ओवायचे ठरले. इलॅस्टिकच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती पट्ट्याच्या बोगद्यातून पुढे सरकवत न्यायची असते. बाहेरून चिमटीत पिन धरायची, कापड मागे ओढायचे, पुन्हा चिमूट. नेमकी मधल्या टप्प्यावर पिन आतल्या आत उघडली आणि तिचे टोक कापडात रुतले. पुढेही जाईना, मागेही येईना. बाहेरून चाचपून ती आंधळेपणाने बंद करता करता मागचे मोकळे टोक केव्हा सळकन बोगद्यात शिरले ते मला कळलेच नाही. दुसऱ्या खेपेला ते टोक आधी शिवून टाकले आणि पिन सुखरूप पैलतीरी पोचली. आत इलॅस्टिकला एक पीळ पडला आहे, तो मी बोटांनी स्पष्ट ओळखू शकते, पण त्याबद्दल आम्ही दोघांनी बोलायचे नाही असे ठरवले आहे.

आता खालची कड. उंची कमी केली तरी पूर्ण घेराच्या कडेची लांबी साडेचार मीटरांहून अधिक भरते, हे आधी कोणी सांगत नाही. सुईच्या टोकाजवळ नेढे आणि वरचा-खालचा असे दोन धागे, या रचनेचे पेटंट एलायस हाव याने १८४६ साली घेतले. तेव्हापासून खालचा धागा संपला तरी वरची सुई त्याच उत्साहाने नाचत राहते आणि माझ्या मशीनने ही परंपरा निष्ठेने जपली आहे. मी तालात येऊन जवळजवळ सव्वा मीटर कड शिवली, कौतुकाने उचलून पाहिली आणि दुमड अलगद उलगडली. खालच्या धाग्याची बॉबिन रिकामी होती. कापडावर फक्त भोकांची एक अतिशय सरळ रांग होती. इतकी सरळ शिवण मी धाग्यासकट कधीच घातलेली नाही.

रात्री स्कर्ट हँगरला टांगून ठेवला. सकाळी पाहते तो खालची कड चार ठिकाणी खाली ओघळलेली. टेबलावर पसरलेले उरेब कापड आणि स्वतःच्या वजनाने लोंबणारे उरेब कापड यांची उंची सारखी भरत नाही. म्हणून स्कर्ट आधी टांगायचा आणि मग कड दुमडायची, असा क्रम असतो. मी साडेचार मीटर उसवले. या स्कर्टाच्या निमित्ताने मी शिवणकामापेक्षा उसवणकामातच अधिक तरबेज झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

यानंतर एकच उपाय उरला होता. स्कर्ट अंगावर चढवायचा, सरळ उभे राहायचे आणि दुसऱ्याने जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूने खुणा करत जायचे. नवरा मोठी पट्टी आणि खडू घेऊन फरशीवर बसला. पहिली खूण नीट झाली का, ते पाहायला मी वाकले आणि मागची कड एकदम वर गेली.

“तू खाली बघू नकोस,” तो म्हणाला.

“मग मला कळणार कसं?”

“तुला कळायची गरज नाही. सरळ उभी राहा.”

मी समोरच्या भिंतीवर नजर लावून उभी राहिले. पाठीमागचे इलॅस्टिक मी हवे तेवढे नेमके मोजून कापले होते. इलॅस्टिक ताणले गेल्याशिवाय धरत नाही, म्हणून ते हवे त्याहून आखूडच कापावे लागते, हे माझ्या तेव्हाच लक्षात येत होते, पण हात खाली नेण्याची मुभा नव्हती. नवऱ्याने पुढच्या भागातल्या खुणा जपून पूर्ण केल्या, पट्टी बाजूला सरकवली आणि म्हणाला, “हं, आता हळूच मागे वळ.”

मी हळूच वळले. स्कर्ट होता तिथेच राहिला.