दुसऱ्यांची वयं कशी मोजावीत

लग्न दुसऱ्याचं असलं की वयातलं अंतर मोजणं हे आपलं कर्तव्यच असतं. पण मोजायलाही शिस्त हवी. आपल्या इंदुरात जाणकार पुष्कळ आहेत, तरी नवशिक्यांसाठी सांगून ठेवते.

आधी मोठं कोण आहे ते बघा. नवरा 12 वर्षांनी मोठा असेल तर त्याला अंतर म्हणत नाहीत, ‘सेटल मुलगा’ म्हणतात. बायको 2 वर्षांनी मोठी निघाली तर आवाज खाली आणून म्हणायचं, ‘काहीतरी असणार हो.’ काय असणार, ते सांगायचं नाही.

वधू-वर मेळाव्यात तिशी उलटलेली मुलगी दिसली की लगेच एखादा बिजवर सुचवा.

राजघराण्यातलं जोडपं असेल तर मोजूच नका. आपले महाराज तुकोजीराव होळकर 1890 चे, त्यांची अमेरिकन राणी नॅन्सी मिलर 1907 ची, लग्न 1928 चं. पुण्याचे पाहुणे आले की लालबाग पॅलेस दाखवताना ही प्रेमकथा आपणच रंगवून सांगतो. तेव्हा आधीच्या राण्यांचा विषय काढत नाही, तसा वयाचाही काढायचा नाही.

आता पुरावा. तो मिळवायची सोय सरकारनेच केली आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, सगळं एकाच कागदावर. तुम्ही मोती तबेल्याला कलेक्टरेटमध्ये प्लॉटच्या कामाला गेला असाल तरी जाता जाता बोर्डावर नजर टाका. एका नावापुढे 43, दुसऱ्यापुढे 34, आणि 43 बाईचे असले तर प्लॉट गेला खड्ड्यात, मोबाइल काढा. फोटो तिरका आला तरी चालतो. माझ्या नोटिशीचा तिरकाच आलाय. काचेत फोटो काढणाऱ्या कॉलनीतल्या काकांचं हेल्मेट दिसतंय, पण माझं वय अगदी स्वच्छ वाचता येतं. फ्लॅट नंबरसुद्धा. मग तो कॉलनीच्या ग्रुपवर टाका आणि खाली एकच शब्द लिहा, ‘कलियुग’. शेजारी हात जोडलेले. पुढचं ग्रुप बघतो. संध्याकाळपर्यंत माझा होणारा नवरा माझ्या पैशांवर डोळा ठेवून आलेला असतो (कुठले पैसे? फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत), रात्री त्याच्या आईला भोपाळला फोन गेलेला असतो, आणि सकाळी मी पोहे खायला उतरले की शेजारच्या काकू आपल्या प्लेटमध्ये जिरावण मसाला भुरभुरत विचारतात, ‘अगं, पण मुलाबाळांचं काय?’ भर दुकानात. जलेबीवाला तळायचा थांबला ऐकायला!

आणि हे काका कोण? गेल्या वर्षी आपल्या 22 वर्षांच्या पुतणीचं 36 वर्षांच्या स्थळाशी यांनीच जमवलं. तिचं एम.ए. अर्धं राहिलं. ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ असे इतके मेसेज त्या ग्रुपवर आले की माझा फोन अडकला. एकालाही वजाबाकी सुचली नाही. तिला 14 वर्षांनी मोठा नवरा मिळाला याबद्दल माझी तक्रार नाही. तिने निवडला असता तर वरातीत मीच पुढे नाचले असते. पण तिला विचारलंच नव्हतं, ‘मुलगा बघून घे’ एवढंच सांगितलं होतं. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावर टीका करणाऱ्या ‘शारदा’ नाटकाचा पहिला प्रयोग 1899 मध्ये आपल्या इंदुरात झाला म्हणून दर कार्यक्रमात मान ताठ करणारे हेच लोक. म्हातारा नवरदेव स्टेजवर आला की हसायचं आणि घरी आला की त्याच्या शेरवानीचं माप घ्यायचं.

जाऊ दे, सूचना पुरे झाल्या. सरळच बोलते.

कायदा मी वाचलाय काका, तुम्हीही वाचा. आक्षेप घ्यायला कारणं ठरलेली आहेत: कुणाचं आधीचं लग्न अजून कायम असणं, संमती देण्याइतकी मनःस्थिती ठीक नसणं, मुलगा 21 चा किंवा मुलगी 18 ची नसणं, दोघांत निषिद्ध नातं असणं. बायको मोठी असणं त्यात कुठेही नाही. आणि आक्षेप वाजवी नव्हता, सद्हेतूने घेतला नव्हता असं ठरलं तर आक्षेप घेणाऱ्यावर 1000 रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. म्हणून तर तुम्ही अर्ज करत नाही. ग्रुप फुकट आहे.

एकट्या राहणाऱ्या बाईचा पत्ता शेकडो मोबाइलवर पाठवताना हात जरासुद्धा थरथरला नाही तुमचा? पुतणीला फोन करून ‘बाई गं, परीक्षेचं काय केलंस’ एवढं विचारायला वेळ नाही, आणि माझ्या वयातून त्याचं वय वजा करायला आहे! आक्षेप असेल तर परत मोती तबेल्याला जा, कारण लिहा, खाली पूर्ण नाव घालून सही करा. मुदत संपलेली नाही. नाहीतर तो फोटो काढून टाका आणि गप्प बसा.