तिकीट काढलं की वसूल करावं लागतं

गेल्या डिसेंबरात लंडनहून मुंबईला आले होते, तेव्हा दादा-वहिनी, भाची आणि माझी दोन मुलं असे सगळे मिळून भायखळ्याच्या राणीबागेत गेलो. भाची सात वर्षांची. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे ना, त्याच्यापाशी ती थांबली ती हलेचना. मी तिला सांगितलं होतं की 1864 साली हा हत्ती इंग्लंडला न्यायला काढला होता, उचलताना पडला, तुकडे झाले आणि पुढे 1914 मध्ये ते पुन्हा जोडले. झालं! ती वाकून वाकून एकेका पायावर सांधे शोधायला लागली. दोन सापडले. तिसरा शोधत होती, तेवढ्यात दादाची हाक आली, "चल गं, पेंग्विन राहिलेत अजून. तिकीट वसूल करायचंय ना?" हाताला धरून तिला न्यावं लागलं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महालक्ष्मी रेसकोर्सचा विषय निघाला. तिथल्या 211 एकरांपैकी 120 एकर आणि कोस्टल रोडच्या भरावाची 175 एकर जागा मिळून मोठं सार्वजनिक उद्यान करायचं, असं 2024 मध्ये ठरलं. त्यावर दादाने लिहिलं, "तिकीट ठेवायलाच हवं. फुकट केलं की वाट लागते, फुकटाची कुणाला किंमत नसते." खाली अंगठ्यांची रांग. मी तिथे काही लिहिलं नाही, दोन ओळींत मावणारं नव्हतं.

आधी दादाची बाजू. तो काही पैसेवाल्यांच्या बाजूने बोलत नव्हता. आम्ही परळच्या एका खोलीत वाढलो. लहानपणी पाहिलेली राणीबाग त्याच्या डोक्यात आहे, रिकामे पिंजरे आणि नाक दाबून जावी लागणारी मुतारी. 2017 मध्ये महापालिकेने मोठ्यांचं तिकीट 5 रुपयांवरून 50 केलं, आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून 100. दादाचं म्हणणं, शंभर रुपयांत चौघांचा दिवस जातो, आणखी काय हवं? आणि खरंच, मॉलमधल्या उड्या मारायच्या जागांत एका मुलाचे जेवढे जातात, त्यापुढे शंभर रुपये काहीच नाहीत.

पण मी अकरा वर्षं लंडनमध्ये मुलं वाढवतेय, तीही बेतास बात पगारात. तिकीट नसण्याने काय होतं, ते इथे रोज बघते. पैसे वाचतात हा त्यातला लहान भाग. मोठी गोष्ट ही की अर्ध्या तासात उठून घरी जाता येतं. माझा मुलगा चार वर्षांचा असताना नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या दालनात निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली सरळ पाठ टेकून झोपला. 25 मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगलेला, आणि हा खालून बरगड्या मोजतोय. वीसपर्यंतच मोजता यायचं, म्हणून पुन्हा एकपासून. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीही पाहिलं नाही. डायनोसॉरही नाही. तिकीट काढलं असतं तर मीही दादासारखीच "चल रे, अजून चार मजले राहिलेत" म्हणत त्याला उठवलं असतं, मला माझी खात्री आहे. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा डायनोसॉर.

इथेही हे आपोआप झालेलं नाही. ऐंशीच्या दशकात या म्युझियमने तिकीट सुरू केलं होतं, शेजारच्या सायन्स म्युझियमनेही, आणि पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनेही. मग 1999 मध्ये मुलांना, 2000 मध्ये साठीपुढच्यांना आणि डिसेंबर 2001 पासून सगळ्यांना राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश मोफत झाला. त्यासाठी सरकारने अनुदान दिलं आणि कराचा नियम बदलला, म्हणजे फुकट प्रवेश देणाऱ्या संग्रहालयांनाही खर्चावरचा व्हॅट परत मिळू लागला. पूर्वी तिकीट लावणाऱ्या संग्रहालयांतली गर्दी पुढच्या दहा वर्षांत दुपटीहून जास्त वाढली. वाट लागली का? गेल्या रविवारीच गेले होते. फरशी लख्ख होती.

तरी एक टीका इथे होते आणि ती मला पटते. दार उघडं ठेवलं म्हणून सगळे आत येतात असं होत नाही, आधीपासून येणारेच जास्त वेळा येतात. माझ्या कामावरच्या एका बाईने, लंडनमध्ये जन्म गेला तरी, यातलं एकही दालन पाहिलेलं नव्हतं. "ते आपल्यासाठी नसतं," म्हणायची. तिची नातवंडं अखेर गेली ती बसमुळे. इथे अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर बसला आणि ट्यूबला पैसे पडत नाहीत, आणि मोठ्या माणसाच्या एका बसभाड्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. आपल्याकडे मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं. कुर्ल्याहून दोन बस बदलून भायखळ्याला येणाऱ्या चौघांचा हिशोब करा. राणीबागेच्या दारात पोचायच्या आधीच दिवस महाग होत जातो. ग्रुपवर तिकिटावर इतकी चर्चा झाली, बसचा कुणी उल्लेखही केला नाही.

आणि डबा! हे मी फार मनापासून लिहितेय. मुंबईतच एका ठिकाणी, नाव घेत नाही, दारावरच्या माणसाने पिशवी उघडायला लावून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बाहेर ठेवायला सांगितला. आत उपाहारगृह होतं, म्हणून. धाकटी भुकेने रडत होती. लंडनमध्ये सायन्स म्युझियमच्या आत घरचं खायला वेगळी जागा आहे. तिथे पोळीची गुंडाळी उघडली की शेजारच्या टेबलावर कुणाचा सँडविच असतो, कुणाचा गार झालेला पास्ता. गरीब-श्रीमंत कळत नाही तिथे, सगळेच डबेवाले.

आई दोन वर्षांपूर्वी आली होती. तिला घेऊन व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये गेले. (भायखळ्याचं आपलं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. लंडनच्या या संग्रहालयाला ते नाव 1899 मध्ये मिळालं. म्हणजे नावाचा मान आधी आपला. आईला हे फार आवडलं.) तिथे मधल्या चौकात एक उथळ लंबगोल हौद आहे. उन्हाळ्यात पोरं चड्ड्या वर करून त्यात धावतात. भोवती शंभर वर्षांच्या विटांची भिंत, आत जगभरातला खजिना, आणि मधे ही पोरं भिजतायत. आई काठावर टेकली. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "इथे किती वेळ बसू देतात गं?" मी म्हटलं, पावणेसहाला बंद होतं, तोवर. तिने चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या. परळच्या खोलीत बाहेर जाऊन बसण्यासारखी जागा म्हणजे जिना होता. आयुष्यभर तिला कुणी ना कुणी उठवलंच आहे.

इथलं सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चौघांनी जायचं तर शंभर पौंडांच्या आसपास जातात. आम्ही एकदाच गेलो आणि दिवसभर मी वसुलीच केली, मुलं संध्याकाळी रडकुंडीला आली. आता रीजंट्स कालव्याच्या काठाने चालत जातो. पायवाटेवरून प्राणिसंग्रहालयाची ती प्रचंड जाळी दिसते, आत माकडं उड्या मारत असतात. तिथून प्रिमरोज हिलवर चढायचं, गवतावर बसून अख्खं शहर बघायचं. जवळच 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये शिकायला होते तेव्हा राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं आणि स्मारक केलं. तिथेही तिकीट नाही. भारतातून कुणी आलं की मी हाच रस्ता दाखवते: कालवा, टेकडी, बाबासाहेबांचं घर. खर्च फक्त बसचा.

आणि मुंबईकडे जे आहे ते लंडनला सात जन्मांत मिळणार नाही. समुद्र! मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चौघांनी रात्री दहापर्यंत बसलं तरी कुणी पावती फाडत नाही. शिवाजी पार्कला कट्ट्यावर म्हातारे, आत क्रिकेट, कडेला पोरांच्या सायकली. ही फुकटची जागा दादाला कधी खटकलेली नाही, तो स्वतः तिथेच वाढला. मग रेसकोर्सच्या उद्यानालाच दार आणि दारावर खिडकी कशाला? देखभालीचा खर्च मोठा असेल, मान्य. तो मालमत्ता करातून घ्या, तळाच्या पार्किंगमधून घ्या, गाडी घेऊन येणाऱ्याकडून खुशाल घ्या. चालत आलेल्या पोराकडून नको. दोन-दोनशे पावलांवर नळ ठेवा, बायकांसाठी कुलूप न लावलेली स्वच्छतागृहं ठेवा, पाठ टेकता येईल अशी बाकं ठेवा आणि डब्यावर बंदी घालू नका. घाण होईल ही भीती असेल तर तिकीटखिडकीवर बसवायची माणसं झाडू आणि कचरापेट्यांसाठी नेमा. उद्यानं आणि मैदानं खासगी संस्थांना दत्तक द्यायच्या धोरणावर मुंबईकर इतकी वर्षं भांडतायत, ते काही उगाच नाही. एकदा दारावर माणूस उभा राहिला की पिशवी आज ना उद्या उघडावी लागते.

हे सगळं मी दादाला परवा फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तिकडे माणसं शिस्तीची आहेत, इकडचं तुला माहितीये." मला माहितीये. पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणारी माणसंही इकडचीच आहेत, असं मी म्हटलं. त्यावर तो गप्प राहिला आणि विषय आईच्या गुडघ्यावर गेला.

या डिसेंबरात पुन्हा येतेय. भाचीला कळवलंय, राणीबागेचं तिकीट मी काढणार. पेंग्विन नाहीत, वाघ नाही. फक्त हत्ती, तिसरा सांधा सापडेपर्यंत.