नव्या घरातील हवा आणि कुंड्या: एक खुलासा

‘चार-पाच कुंड्या ठेवल्या की नव्या घरातील फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू नाहीसा होतो, हे नासाने सिद्ध केले आहे’ असा संदेश सध्या फिरत आहे, पण तो दिशाभूल करणारा आहे. नासाचा १९८९ चा अभ्यास खरा असला, तरी तो लहानशा हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. झाडे हवा जेवढी शुद्ध करतात, त्यापेक्षा कितीतरी वेगाने घरातील हवा खिडक्या-दारांच्या फटींतूनच बदलते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार अशा हवा बदलण्याइतका परिणाम झाडांनी साधायला दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील. प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांतील चिकटद्रव्यातून हा वायू महिनोन्‌महिने, आणि उष्ण-दमट हवेत अधिकच, बाहेर पडत राहतो. वास जाणवेनासा झाला म्हणजे वायू संपला असे नव्हे. नव्या कपाटांची दारे उघडी ठेवून समोरासमोरच्या खिडक्यांतून हवा खेळती ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. कुंड्या जरूर ठेवाव्यात, परंतु त्यांच्या भरवशावर कोणी तान्ह्या बाळाला बंद खोलीत निजवू नये, म्हणून हा संदेश कृपया पुढे पाठवू नका.