लग्नाच्या फॉर्मवरचा एक रकाना

इथे शिकागोत रात्रीचे साडेदहा वाजले होते, इंदूरला सकाळचे नऊ. भाऊजींचा फोन आला. ते आमच्याकडच्या वधू-वर मेळाव्याच्या समितीवर आहेत. यंदा नावनोंदणीचा फॉर्म नव्याने छापायचाय आणि त्यात एक रकाना घालावा अशी सूचना आली आहे: ‘एचआयव्ही चाचणीचा अहवाल जोडला आहे काय?’ अहवाल नाही तर पुस्तिकेत नाव नाही. बैठकीत दोन तास वाद झाला म्हणे. एका बाजूचं म्हणणं, पत्रिका बघता, पगाराची स्लिप बघता, मग रक्त का नको? दुसरी बाजू म्हणाली, असलं काही आपल्यात नसतं, फॉर्मवर शोभत नाही. शेवटी भाऊजी मला म्हणाले, “तुमच्याकडे अमेरिकेत हे असेलच. तू लिहून पाठव, मी वाचून दाखवतो.”

भाऊजी, असं नुसतं अमेरिकेतच नाही, मी राहते त्याच राज्यात होतं. इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 1988 पासून लग्नाच्या परवान्यासाठी एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे 70,000 लोकांनी रक्त दिलं आणि त्यात लागण निघाली 8 जणांना. खर्च जोडप्यांच्याच खिशातून. राज्यातले लग्नाचे परवाने वीस टक्क्यांहून जास्त घटले, कारण लोक शेजारच्या राज्यात जाऊन लग्न लावून यायला लागले. 1989 मध्ये कायदा मागे घेतला. आपल्याकडे गोव्याने हा विचार 2006 मध्ये केला, 2019 मध्ये पुन्हा केला. 2025 मध्ये मेघालयातही तीच चर्चा निघाली. ज्यांनी करून पाहिलं त्यांच्या हाती काय लागलं, हे मात्र या चर्चांत कुठे येत नाही.

सक्तीची चाचणी म्हणजे काय हे मला स्वतःच्या अंगावरून ठाऊक आहे. 2008 मध्ये ग्रीन कार्डासाठी वैद्यकीय तपासणी झाली. तेव्हा एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिका प्रवेशच देत नव्हती. 1987 पासूनची ती बंदी जानेवारी 2010 मध्ये उठली. डॉक्टरांकडे नर्सने दंडाला पट्टा बांधला, नळी भरली, कापूस दाबला आणि पुढच्याला हाक मारली. आठवड्याने एक बंद पाकीट मिळालं. तोंडाच्या चिकटपट्टीवर सही आणि तोंडी ताकीद, उघडू नका. माझ्या रक्ताबद्दलचा कागद मी दोन दिवस पर्समधून घेऊन हिंडत होते आणि तो वाचण्याचा हक्क सरकारचा होता. त्या दोन दिवसांत काय काय मनात आलं ते कोणी विचारलं नाही. अहवालात काही निघालं असतं तर कोणाकडे जायचं, हेही कोणी सांगितलं नाही.

गेल्या डिसेंबरात इंदूरला आले तेव्हा माझ्या एका भाचीचं लग्न ठरत होतं. तिच्या परवानगीने सांगते. सासरच्यांनी चाचणी मागितली, तिने एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. फॉर्मवर मोबाइल नंबर होता होणाऱ्या सासऱ्यांचा, कारण पैसे त्यांनी भरले होते. अहवाल गेला त्यांच्या फोनवर. तिला संध्याकाळी नुसता निरोप आला, “सगळं नॉर्मल आहे हो.” मुलाची चाचणी कोणी मागितलीच नव्हती.

ती रडली नाही. चिडली आणि मुलाला म्हणाली, आता आपण दोघं जायचं आणि सरकारी केंद्रात जायचं. मुलगा तयार झाला, त्याचं मला कौतुक वाटलं. मी सोबत गेले. जुन्या सरकारी दवाखान्यातली पॅसेजच्या टोकाची खोली, बाहेर लोखंडी बाक, भिंतीवर लाल रिबिनीचं पोस्टर आणि खाली 1097 हा फुकट हेल्पलाइनचा नंबर. समुपदेशक बाईंनी आधी दोघांना वेगवेगळं बोलावलं, मग त्यांच्या मर्जीने एकत्र. मधेच एक वॉर्डबॉय कागद घेऊन दार ढकलायला लागला, तर बाईंनी आतूनच सांगितलं, “अभी नहीं.” अर्धा तास दार बंद होतं.

दोघं बाहेर आल्यावर मीही आत गेले. माझंही रक्त घ्या म्हटलं. बाईंनी खुर्ची दाखवली. “पहले बात, फिर खून.” कशासाठी करायची आहे, हे विचारलं. नुकतीच लागण झालेली असेल तर ती पहिले काही आठवडे या चाचणीत दिसत नाही, म्हणून गरज पडल्यास तीन महिन्यांनी पुन्हा यावं लागतं, हे समजावलं. पहिल्या किटवर काही आलं तरी तेवढ्यावर कोणालाच काही सांगत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळतात, हेही सांगितलं. आणि मग एक प्रश्न: “पॉझिटिव्ह आया तो सबसे पहले किसको बताएँगी?”

मला उत्तर सुचेना. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतरही क्षणभर सुचलं नाही. माझी भाची आणि तो मुलगा याच प्रश्नासमोर शेजारी शेजारी बसून आले होते. लग्नाआधी आणखी काय करायचं असतं? अहवाल त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या हातात मिळाला. एक रुपयाही लागला नाही.

शिकागोत आता चाचणी सोपी झाली आहे. 13 ते 64 वयाच्या प्रत्येकाची नेहमीच्या तपासणीत एकदा तरी एचआयव्ही चाचणी व्हावी, असं इथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने 2006 मध्ये सांगितलं. त्यामुळे डॉक्टर कोलेस्टेरॉलसारखंच हेही विचारतात, कोणी दचकत नाही. हे आपण जरूर घ्यावं. पण त्याच वेळी चाचणीला समुपदेशन जोडायचं बंधन इथे काढलं गेलं. समोर बसून बोलणारं माणूस नाही. आपल्याकडे ते माणूस आहे, खोली आहे, पण आपली माणसं तिथे जात नाहीत. सरकारी आहे, गर्दी असते, कोणी बघेल. आणि मनात खोलवर हेच की ती खोली ‘तसल्या’ लोकांसाठी आहे. आपल्या सुना-लेकी पहिल्या खेपेला दिवस गेल्यावर हीच चाचणी करून येतात, तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढत नाही. मग मुलगे आणि जावई गेले तर काय बिघडतं?

ज्या काकूंनी रकाना सुचवला, त्यांच्या पोटातली भीती खोटी नाही. 1999 च्या सुमारास आमच्या गल्लीत एक मुलगी सासरहून परत आली. नवरा एड्सने गेला होता, सासरचे म्हणत हिनेच तो रोग आणला. तिने हात लावलेल्या तांब्यातलं पाणी आम्ही पीत नव्हतो. ‘आम्ही’ म्हणजे मीसुद्धा. ती चोवीस वर्षांची होती. सरकारने फुकट औषधं 1 एप्रिल 2004 पासून द्यायला सुरुवात केली, तोवर ती राहिली नाही. त्या वेळी रकाना असता तर ती वाचली असती? कदाचित. पण तिचा नवरा कुठून तरी ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद घेऊनही आला असता, हेही तितकंच खरं.

आज तर औषधं नियमित घेणाऱ्या आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही न उरलेल्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्याला संसार करता येतो, निरोगी मूल होऊ शकतं. त्याचं नाव आपण पुस्तिकेतून कोणत्या तोंडाने काढणार? 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि न्यायालयाचा आदेश नसेल तर स्वतःची स्थिती उघड करायला कोणाला भाग पाडता येत नाही.

म्हणून भाऊजी, रकाना काढा. त्या जागी फॉर्मच्या मागच्या बाजूला जवळच्या समुपदेशन-चाचणी केंद्राचा पत्ता, वेळ आणि 1097 छापा, आणि खाली एवढंच लिहा: ‘दोघांनी मिळून जावं. अहवाल दोघांचाच.’ मागची बाजू छापायचा खर्च मी पाठवते. आणि मेळाव्याच्या दिवशी त्या समुपदेशक बाईंना अर्धा तास बोलायला बोलवा. मंचावर, पहिल्या सत्रात, जेवणानंतर नव्हे.