काल आला न्हाईसा?

आमच्या घरात एक ट्रेडमिल होती. २०१७ च्या दिवाळीत हप्त्यावर घेतलेली. दोन महिने इमानदारीत चाललो तिच्यावर, त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. पावसाळ्यात तर लई सोयीची. हँडलवर दोन शर्ट, पट्ट्यावर पोराची शाळेची पँट, खाली चपला. आलेल्या पाहुण्यानं विचारलं की मी सांगायचो, "रोज अर्धा तास." बायको आतनं खोकायची.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या पुढं गेली. आम्ही शाहूपुरीत, तळमजल्यावर. नदी तशी लांब, पण नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि गल्लीत शिरतं. संध्याकाळी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही सामान वरच्या मजल्यावर, चुलतभावाकडं, चढवायला सुरुवात केली. सहा तास चढवत होतो. आईचे देव, कागदपत्रांची फाईल, सिलिंडर, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं. रात्री अकराला गुडघाभर पाण्यात उभा राहून मी आणि भाऊ ट्रेडमिलकडं बघत होतो. "ही घ्यायची?" त्यानं विचारलं. ऐंशी किलोचं धूड. मी म्हटलं, "राहू दे."

पाणी पाच दिवसांनी उतरलं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला काळी रेघ, आणि घरात तो वास, ज्यानं पूर बघितलाय त्यालाच कळेल. चिखल उपसताना जे बाहेर निघालं ते बघून मला पुरापेक्षा जास्त लाज वाटली. तीन डिनर सेट, त्यातले दोन खोक्यातनं कधी निघालेच नव्हते. लग्नात मिळालेली सात भिंतीवरची घड्याळं. बंद पडलेले चार मोबाईल. "कधीतरी लागंल" म्हणून ठेवलेली वायर, नळाच्या तोट्या, थर्माकोल. सगळ्या गल्लीनं असलेच ढीग रस्त्यावर लावले होते. ट्रेडमिल भंगारवाल्यानं किलोवर नेली. जाताना तो म्हणाला, "मोटर असंल तर बरं हुतं." मोटर होती, पण चिखलानं भरलेली.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात एका मित्रानं मला एक रील पाठवला. काळ्या पार्श्वभूमीवर लांडगा, मागं ढोल, आणि एक खर्जातला आवाज सांगतोय की पहाटे चारला उठ, थंड पाण्यानं आंघोळ कर, एकटा राहा, २१ दिवसांत माणूस बदलतो. खाली मित्रानं लिहिलं, "तू करतोस तसंच."

अरे बाबा, नाही. मी तसलं काहीही करत नाही.

ते २१ दिवसांचं तर सोडूनच द्या. लंडनमध्ये ९६ माणसांवर सवयींचा एक अभ्यास झाला होता. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर कुणाला १८ दिवस, कुणाला हिशेबानं २५४. त्यातलीच एक गोष्ट मला फार आवडते. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, असं दिसलं. म्हणजे ज्या माणसाला लांडग्यासारखं जगायला सांगतायत, त्यानं एक दिवस दांडी मारली म्हणून सगळं सोडून द्यायचं काहीच कारण नसतं. रील बघणारा मात्र नेमकं तेच करतो, कारण त्याला सांगितलेलं असतं की शिस्त मोडली.

माझं खरं काय झालं ते सांगतो. पुरानंतर वर्षभरानं रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा तो एचबीए१सी ६.३ निघाला. ६.५ पासून मधुमेह. डॉक्टर म्हणाले, काठावर आहात, बघा काय ते. वय तेव्हा एकेचाळीस, वजन ९१. उद्यमनगरात माझं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर उभाच असतो, त्यामुळं व्यायाम आपोआप होतो असा माझा गोड गैरसमज होता. लेथच्या बेडला चार दिवस तेल लागलं नाही की गंज धरतो म्हणून पोरांवर ओरडणारा मी.

आता जिमला जायचं, की परत ट्रेडमिल? बायकोनं नुसतं बघितलं. मग आमच्या तात्यांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, मला पेठेतल्या एका तालमीत नेलं. स्वतः ते पंचवीस वर्षांपूर्वी सोडून आलेली तालीम.

जे कोल्हापूरच्या बाहेरचे आहेत त्यांना सांगतो, तालीम म्हणजे जिमचं जुनं नाव नव्हे. आत एक मारुतीची तसबीर, एक बल्ब, कोपऱ्यात फिरवायचे जड मुद्गल आणि करेला, आणि मधे हौदा. हौद्यात लाल माती. ती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मुरवलेली असते, म्हणून पडलं तरी खरचटत नाही आणि घामाचा वास धरत नाही. आरसा हातभर. एसी नाही, गाणी नाहीत. मोबाईल दाराजवळच्या कोनाड्यात.

वस्तादांनी, म्हणजे तालमीत शिकवणाऱ्यांनी, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता वजन-उंची विचारतील, काहीतरी वेळापत्रक देतील. त्यांनी हातात फावडं दिलं. "आधी माती उकरा. मग बघू."

हौदा रोज उकरावा लागतो, नाहीतर माती बसते आणि दगडासारखी होते. दहा मिनिटांत माझी छाती भात्यासारखी चालायला लागली. शेजारी एकोणीस वर्षांचं पोरगं तेच काम गप्पा मारत करत होतं. मग जोर. हातापायावर येऊन कंबर वर, मग छाती मातीला घासून जाईल अशी पुढं न्यायची आणि नागासारखं वर यायचं. मी सात काढले. आठव्याला मातीतच राहिलो. नाकातोंडात हळदीचा वास. पोरगं म्हणालं, "काका, सात लई झालं पयल्या दिवशी." खोटं बोललं, पण चांगलं बोललं.

दुसऱ्या दिवशी अंग इतकं धरलं होतं की ब्रश करताना हात वर जाईना. गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर दारातच ते पोरगं:

"काल आला न्हाईसा?"

बस्स. एवढंच. त्यात राग नाही, उपदेश नाही. मात्र त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि उद्याही तो विचारणार हे मला माहीत होतं. गेली पाच वर्षं मी पावणेसहाला उठतोय ते त्या तीन शब्दांवर. माझी म्हणून जी शिस्त आहे, ती निम्मी त्या पोराची आहे. ट्रेडमिलनं मला कधीच विचारलं नाही, काल आला न्हाईसा म्हणून.

इथंच माझं रीलवाल्यांशी भांडण आहे. "एकटा राहा, एकटा घडव स्वतःला." कोण घडलंय एकटं? खाशाबा जाधवांचं घ्या. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मेहनतीबद्दल वेगळं सांगायला नको, पण त्यांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आधी १९४८ ला लंडनला गेले तेव्हाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. त्या वेळी ते सहावे आले. मातीत वाढलेला पैलवान, मॅटची सवय नव्हती. मग चार वर्षं घाम गाळला. घाम त्यांचाच, पण घर दुसऱ्याचं गहाण पडलं होतं. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं तेसुद्धा हे ओळखूनच असणार. पैलवानाला हौदा लागतो तसे भोवती बसणारे हजारो डोळेही लागतात.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर वाटेल तालीम म्हणजे स्वर्ग.

तात्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तालमीत सहा वर्षं मुक्कामाला होते, त्या सहा वर्षांचा संसार तिच्यात मावला होता. दोन लंगोट, दोन धोतरं, एक तांब्या, थंडाई घोटायची कुंडी आणि दांडका. बदाम, खसखस, मिरी, बडीशेप घोटून झाली की कुंडी पालथी. आजकाल ज्याला मिनिमलिझम (मोजक्या सामानात जगणं) म्हणतात आणि ज्याच्या नावाखाली बारा हजारांचा पांढरा दिवा विकतात, तो तात्यांनी नाव माहीत नसताना केला. पण कुस्ती सुटली, लग्न झालं, मेहनत थांबली आणि खुराक मात्र थांबला नाही. तूप तेच, दूध तेच. पंचावन्नाव्या वर्षी वजन ११२ आणि साखर तीनशे. आज ट्रंकेवर त्यांच्या गोळ्यांचा डबा असतो. मला तालमीत सोडायला आले त्या दिवशी म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई की खायचं बी कमी करायचं असतंय." तालमीनं त्यांना वाढायला शिकवलं, उतरायला शिकवलं नाही. असे माजी पैलवान आमच्या गावात गल्लोगल्ली सापडतील.

म्हणून मी खाणं बघितलं. डाएट वगैरे नाही. ज्या गावात मटणाच्या दरासाठी आंदोलन होतं तिथं मी पांढरा रस्सा सोडणार नाही. रविवारचा रविवारी. बाकीचे सहा दिवस रात्रीचं जेवण साडेसातला, भात एक वाटी, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध महिन्यातनं एकदा, चवीपुरतं. एचबीए१सी आता ५.९ आहे. म्हणजे अजूनही काठावरच, फक्त अलीकडच्या बाजूला सरकलोय. वजन ७९. जोर चाळीस, बैठका शंभर, आणि बैठका काढताना उजवा गुडघा कटकट वाजतो. फोटो टाकण्यासारखं काही नाही.

सामानाचं म्हणाल तर पुरानंतर आम्ही एकच नियम केला. वरच्या मजल्यावर नेण्याची हौस नसेल ती वस्तू घरात आणायची नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. त्या वेळी घर दीड तासात रिकामं झालं. सहा तासांच्या जागी दीड. मग वरच्या गॅलरीत चहा पीत पाणी चढताना बघत बसलो. मजा वाटली असं म्हणणार नाही, शेजारच्यांची दुकानं बुडत होती. पण आमच्या पोटात गोळा नव्हता. जे गेलं ते एक लाकडी कपाट, आणि ते रिकामं होतं.

आता घरातली गोष्ट, जी लिहू का नको असा दोन दिवस विचार केला.

तालमीत जायला लागून वर्ष झालं असेल. मी जेवताना ऐटीत म्हणालो, वर्षभर पावणेसहा चुकलं नाही, याला म्हणतात शिस्त. बायको भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही उठलासा की शिस्त. मी पंधरा वर्षं पाचला उठतो, त्याला काय म्हणायचं?" (आमच्याकडं बायका 'उठतो'च म्हणतात, पुणेकरांनी कान टवकारू नयेत.)

मला काही सुचलं नाही. खरंच काय म्हणतात त्याला? मी जोर काढत असतो तेव्हा ती दोन डबे, आईचा चहा, पाण्याची मोटर आणि पोराला उठवणं एवढं करत असते. माझा पाऊण तास आभाळातनं पडलेला नाही, तो तिनं दिलेला आहे. पहाटे चारला उठा म्हणणाऱ्या एकाही बाप्याच्या व्हिडिओत मागं स्वयंपाकघर दिसत नाही, हे तेव्हापासून माझ्या डोळ्यांना खुपायला लागलं.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डबा माझ्याकडं. तालमीतनं येऊन मी पोळ्या करतो. गोल येत नाहीत, पोरगं त्याला कर्नाटकचा नकाशा म्हणतं. ती त्या दिवशी शेजारणीबरोबर मोपेडवर रंकाळ्याला जाते, तळ्याला पूर्ण फेरी मारून येते. एकदा पाऊस होता म्हणून टाळत होती, तर शेजारणीचा सात वाजता फोन, "काय ओ, आज न्हाई?" छत्री घेऊन गेली.

ते तालमीतलं पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं. सोळाशे मीटर पळणं, गोळाफेक, सगळं. गेल्या महिन्यात मैदानीला थोडक्यात राहिलं. आणि आता गेले चार दिवस आलं नाही. कुणी म्हटलं ताप असेल, कुणी म्हटलं मामाकडं गेलं असेल. काल वर्कशॉप बंद करून मी त्याच्या घरी गेलो. आई दारात बसून शेंगा फोडत होती. पोरगं आत, भिंतीकडं तोंड करून झोपलेलं, दिवसाउजेडी.

मी उंबऱ्यातनंच विचारलं, "काल आला न्हाईस रं?"

ते बराच वेळ काही बोललं नाही. मग कूस बदलली, माझ्याकडं बघितलं आणि कसंनुसं हसलं. आईनं मूठभर शेंगा हातात दिल्या. उद्या येतो म्हणालंय.

या आठवड्यात तालमीची किल्ली माझ्याकडं आहे. झोपतो आता.