चार पुतळ्यांच्या पायाशी

आत्ताच मोर्चातून घरी आलेय. बोटांवर मेण तसंच आहे. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय.

त्या पोरीचा खून झाला ते वाचल्यापासून दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हणूनच गेले होते. आपल्या सोलापूरच्या चार पुतळ्याजवळ दीड-दोनशे माणसं असतील, कॉलेजच्या पोरी जास्त. आधी सगळे गप्प होते. मग कुणीतरी ‘फाशी द्या’ची घोषणा दिली. मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. तेवढ्यात मागून एक शिकलासवरला माणूस म्हणाला, “खटला पाहिजेच कशाला? वकील तर देऊच नका. चोवीस तासांत लटकवा.” टाळ्या पडल्या. मी वर बघितलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. आपण ज्यांच्या पायाशी उभे होतो, ते चौघेही फासावर गेलेले!

मेणबत्ती विझवली आणि निघाले.

१२ जानेवारी १९३१, येरवडा. सोलापूरच्या पोराला ही तारीख शिकवावी लागत नाही. पण त्या चौघांनाही कोर्टानेच खुनी ठरवलं होतं ना? मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला, त्यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला, साक्षीदार आले, निकाल आला. कागदोपत्री सगळं रीतसर. त्या कागदाला आपल्या गावाने कधीच खरं मानलं नाही. मग आजच्या कागदावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवतो आपण? ते इंग्रजांचं राज्य होतं, हे आपलं आहे, असं कुणी म्हणेल. बरं, आहे फरक. पण आपल्या राज्यात कागद कसा तयार होतो ते मी माझ्या घरात पाहिलंय.

मी सहावीत होते. आप्पा पूर्वभागात एका चादरीच्या कारखान्यात कामाला. सुताच्या काही पेट्या कमी भरल्या आणि रात्री पोलिसांनी आप्पांना उचलून नेलं. दोन रात्री आत ठेवलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी चोरी कबूल केल्याच्या कागदावर सही केली. आठवड्याने कळलं की पेट्या मालकाच्याच दुसऱ्या गोदामात उतरल्या होत्या. माझ्या आप्पांनी न केलेली चोरी सही करून कबूल केली होती. दोन रात्रींत. त्या दोन रात्रींबद्दल ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

“चोरी वेगळी, खून वेगळा,” म्हणाल. मग हे वाचा. आपल्याच महाराष्ट्रातले भटक्या जमातीतले सहा जण. गुन्हा २००३ चा आणि इतका भयंकर, की तेव्हा मोर्चा निघाला असता तर मीही गेले असते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून आधी भलत्याच चौघांना ओळखलं होतं. सोळा वर्षं गेली, आणि हातात प्रत्येकी ५ लाख रुपये. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मधल्या दहा वर्षांत कधीही दोर ओढला गेला असता. मग ते ५ लाख कुणाच्या हातावर ठेवले असते?

बाबासाहेबांचा फोटो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. ३ जून १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले होते की फाशीची शिक्षाच रद्द करणं त्यांना जास्त पसंत आहे. हे जयंतीच्या बॅनरवर कधी दिसलं नाही मला.

कसाब गेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. आणि काही माणसं बाहेर आली तर पुन्हा तेच करतील, हेही मान्य. मग मरेपर्यंत आत ठेवा, एक दिवसाची सुट्टी देऊ नका. पण चूक झाली तर दार उघडता आलं पाहिजे. आप्पांसाठी ते उघडलं होतं.

मघाशी माझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण हे वाचतेय, मला माहीत आहे. मी न सांगता निघून आले, तुला वाईट वाटलं असणार. तुझ्या पोरीचा हात तू किती घट्ट धरला होतास ते मी बघितलं. त्या रागाला मी खोटं म्हणत नाही ग. त्या पोरीच्या आईसमोर उभं राहून हे सगळं बोलायची हिंमत माझ्यात नाही.

पण गर्दीला वाटतं म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. अख्ख्या गल्लीला आप्पा चोर वाटले होते. नळावर बायका आईशी बोलत नव्हत्या, बिड्यांच्या कारखान्यातही तिच्याशेजारी कुणी बसेना. आणि मलाही तसंच वाटलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच महिन्यात आप्पांनी मला नवी कंपासपेटी आणली होती. ती चोरीच्या पैशाची असणार असं मला वाटलं आणि मी ती गटारीत टाकून दिली.

आप्पा परत आल्यावर त्यांनी दप्तरात बघितलं. “हरवली काय गं?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. पुढच्या पगाराला त्यांनी दुसरी आणली.